मोटर ‘टर्न ऑफ’, मुलाखत ‘पुट ऑफ’: इंग्रजी वाक्यात नेमकं फ्रेझल व्हर्ब कसं निवडायचं

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला. मुलाखत ‘हॅज बीन पुट ऑफ टिल द फोर्टीन्थ’, एवढंच त्यात होतं. त्यानं ‘ऑफ’ वाचलं, मुलाखत रद्द झाली असं समजला आणि वडिलांबरोबर तूर सोंगायला गेला. चौदा तारीख आली, गेली. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, हे त्याला कळलं तेव्हा जागा भरून झाल्या होत्या. मुलाखत रद्दच झाली असती तर निरोपात ‘कॉल्ड ऑफ’ असतं. या मुलाचं इंग्रजी कच्चं नव्हतं, निबंध तो चांगला लिहायचा. पण ‘ऑफ’चा त्याला एकच अर्थ माहीत होता, मोटरच्या मेन स्विचवर लिहिलेला.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आमची अभ्यासिका भरते. कोणी एमपीएससी करतं, कोणी बँकेच्या परीक्षा देतं, कोणाला नागपूरच्या कॉल सेंटरला जायचं असतं. वाटा वेगळ्या, पण इंग्रजीत सगळ्यांचा पाय इथंच अडकतो.

सुरुवातीलाच एक सूचना. इथे इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, वहीत मात्र ते रोमन लिपीत उतरवा. आणि दोन एफचा ‘ऑफ’ वेगळा, एका एफचा ‘ऑव्ह’ वेगळा, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. आपल्या तोंडी दोन्ही ‘ऑफ’च होतात आणि मग लिहिताना घोळ होतो.

हे तुम्हाला मराठीत येतं

फ्रेझल व्हर्ब म्हणजे एक साधं क्रियापद आणि त्याला जोडलेले एक-दोन छोटे शब्द. गिव्ह, टेक, पुट, गेट, लुक, टर्न, ब्रेक, रन ही क्रियापदं. अप, डाउन, ऑन, ऑफ, आउट, अवे, बॅक हे छोटे शब्द. व्याकरणात त्यांना पार्टिकल म्हणतात. आमची मुलं त्यांना शेपूट म्हणतात, मीही तेच म्हणते. शेपूट बदललं की क्रियापदाचा अर्थ बदलतो.

हे ऐकून मुलं घाबरतात. ‘ताई, एका गेटचे एवढे अर्थ कसे पाठ करावं?’ मग मी त्यांना विचारते, ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत फरक काय? आजी म्हणते, ‘ते बोरं खाऊन टाक, उद्या सडतीन.’ नुसतं ‘खा’ म्हटलं असतं तर दोन-चार खाऊनही चाललं असतं. ‘टाक’ लागलं की सगळी संपवायची. यात फेकण्याचा काही संबंध नाही, तरी तुम्हाला ते कोणी शिकवलं नाही. इंग्रजीत हेच काम ‘अप’ करतं: ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’. वर जाण्याशी संबंध नाही. काम पुरतं होण्याशी आहे.

विहीर आटली आणि विहीर आटून गेली. दुसऱ्या वाक्यात आता काहीच उरलं नाही. इंग्रजीत ‘द वेल ड्राइड अप’. शोधलं आणि शोधून काढलं. ‘काढलं’ म्हटल्यावर हाती काहीतरी लागलेलं असतं. इंग्रजीत ‘फाइंड आउट’, आणि गणित सोडवून काढलं तर ‘वर्क आउट’. ‘आउट’ म्हणजे बाहेर, ‘काढणं’ म्हणजेही बाहेरच आणणं. दोन भाषा एकमेकींपासून एवढ्या लांब, पण इथं त्यांचा विचार एकच निघाला. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला फार आनंद झाला होता, अजूनही शिकवताना होतो.

तसंच ‘लिहून ठेव’ला ‘राइट डाउन’, ‘फेकून दे’ला ‘थ्रो अवे’, ‘करत राहा’ला ‘कॅरी ऑन’ किंवा ‘कीप ऑन’. मराठीत टाक, जा, काढ, ठेव, दे, राहा ही आपली शेपटं आहेत. शिवाय इंग्रजीसारखी पुढे-मागेवाली क्रियापदंही आपल्याकडे आहेतच: पुढे ढकलणं, मागे घेणं, मागे पडणं, उचलून धरणं. सभा ‘पुढे ढकलली’ म्हटल्यावर कोणी तिला हात लावून ढकलली असं तुम्हाला वाटत नाही. मग ‘पुट ऑफ’मध्ये ‘पुट’ म्हणजे ठेवणं, हा अर्थ धरून बसायचं कारण नाही.

ही जोडी प्रत्येक वेळी जुळेल असं समजू नका. ‘सोडून दे’ला ‘गिव्ह अप’ लागतं, ‘उठून बस’ला ‘सिट अप’. मराठी शेपूट तुम्हाला दारापर्यंत नेतं, आत तुम्हालाच जावं लागतं. पण भीती मात्र जाते, आणि तीच आधी जायला हवी.

‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तसं उशिराचं. ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली छापून रूढ केलं. लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अशीच क्रियापदं बोलत होते, जशी आपली आजी ‘संयुक्त क्रियापद’ हा शब्द न ऐकता बोलते.

पहिली पायरी: इंग्रजीकडे वळण्याआधी मराठीत नेमकं बोला

बहुतेक चुका इंग्रजीत होत नाहीत, त्याआधी होतात. ‘कार्यक्रम झाला नाही’ असं डोक्यात असेल तर इंग्रजी शब्द निवडताच येणार नाही. रद्द झाला की लांबला? रद्द असेल तर ‘कॉल ऑफ’, लांबला असेल तर ‘पुट ऑफ’. इतिहासातलं एक वाक्य कायमचं पाठ करा. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार आंदोलन थांबवलं: ‘गांधीजी कॉल्ड ऑफ द मूव्हमेंट’. त्यांनी नवी तारीख दिली नव्हती, म्हणून इथं ‘पुट ऑफ’ बसत नाही. आणि १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले, तिथं आश्रम उभा केला: ‘ही सेट अप ॲन आश्रम ॲट सेवाग्राम’. ‘सेट अप’ म्हणजे संस्था, दुकान, व्यवस्था उभी करणं.

‘लुक’ हे क्रियापद तर मी पूर्ण एक आठवडा शिकवते. कारण मराठीत आपण सगळीकडे ‘पाहणं’ वापरतो. म्हातारीला कोण पाहतं? शेळी पाहून ये. साहेब तुमचं प्रकरण पाहतील. शब्दाचा अर्थ पाह. चार वाक्यं, चार वेगळी कामं. म्हातारीला पाहणं म्हणजे सांभाळणं, तिथं ‘लुक आफ्टर’. चरायला गेलेली शेळी परत आली नाही आणि तुम्ही ती शोधताय, तर ‘लुक फॉर’. गारपिटीनं गहू झोपला, पंचनाम्यात तुमचं नाव आलं नाही, तहसीलमध्ये अर्ज दिला, आता त्यांनी चौकशी करायची आहे: ‘प्लीज लुक इन्टू द मॅटर’. डिक्शनरीत शब्द पाहायचा तर ‘लुक अप’.

एक मुलगी लिहायची, ‘माय मदर इज लुकिंग फॉर माय ग्रँडमदर’. आई आजीला सांभाळते असं तिला म्हणायचं होतं. वाचणाऱ्याला वाटेल आजी हरवली. व्याकरणाच्या नजरेनं वाक्यात एकही चूक नाही, म्हणून ती कोणी दाखवतही नाही. म्हणून म्हणते, मराठीतलं मोघम क्रियापद आधी पुसा. ‘पाहणं’च्या जागी सांभाळणं, शोधणं, तपासणं यांतलं एक लिहा, मगच इंग्रजी.

हाच प्रयोग ‘वाढणं’ आणि ‘वाढवणं’वर करा. गाडगेबाबा मामाच्या घरी वाढले: ‘ही ग्रू अप देअर’. त्यांना मामांनी वाढवलं: ‘हिज अंकल ब्रॉट हिम अप’. स्वतः मोठं होणं ‘ग्रो अप’, मुलाला वाढवणं ‘ब्रिंग अप’. तुरीला आणि पऱ्हाटीला मात्र नुसतं ‘ग्रो’, तिथं ‘अप’ लावायचं नाही. पीक वाढतं, माणूस मोठा होतो.

दुसरी पायरी: काम कोणावर झालं, ते तपासा

काही फ्रेझल व्हर्बना कर्म लागतं, काहींना लागत नाही. ‘ट्रॅक्टर बंद पडला’ यात कोणी काही केलं नाही, म्हणून ‘द ट्रॅक्टर ब्रोक डाउन’. ‘ड्रायव्हर ब्रोक डाउन द ट्रॅक्टर’ असं होत नाही. ड्रायव्हरनं तो बंद केला असेल तर ‘टर्न्ड ऑफ’. ‘बंद पडणं’ आणि ‘बंद करणं’ हा फरक मराठी माणसाला समजवावा लागत नाही. फक्त इंग्रजी लिहिताना तो आठवावा लागतो.

डिझेलचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण परीक्षेत ते फसवतं. डिझेल संपलं: ‘द डिझेल रॅन आउट’. आमचं डिझेल संपलं, म्हणजे आम्ही कर्ता: ‘वी रॅन आउट ऑव्ह डिझेल’. माणूस कर्ता असेल आणि पुढे वस्तूचं नाव असेल तर ‘ऑव्ह’ आलाच पाहिजे. हाच तो एका एफचा.

लाइनचंही असंच. लाइन गेली: ‘द पॉवर वेंट ऑफ’. आपोआप गेली. तुम्ही पंखा बंद केला: ‘आय टर्न्ड ऑफ द फॅन’. कर्म आलं, क्रियापद बदललं, शेपूट तेच राहिलं.

तिसरी पायरी: ‘इट’ आणि ‘देम’ची जागा

शब्द बरोबर निवडला तरी इथं वाक्य फसतं. ‘मोटर सुरू कर’ हे तीन तऱ्हांनी म्हणता येतं: ‘टर्न ऑन द मोटर’, ‘टर्न द मोटर ऑन’ आणि मोटरचं नाव न घेता ‘टर्न इट ऑन’. ‘टर्न ऑन इट’ मात्र चुकीचं. नाम असेल तर शेपटाच्या आधी किंवा नंतर कुठंही चालतं, पण इट, देम, हिम, हर, मी, अस ही सर्वनामं मधेच बसतात. ‘पिक इट अप’, ‘थ्रो देम अवे’, ‘राइट इट डाउन’.

‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही. ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. मग कोणतं तुटतं आणि कोणतं नाही, हे ओळखायचं कसं? नवख्या माणसाला पुरेल असा आधार सांगते. शेपूट ॲट, फॉर, आफ्टर, इन्टू, विथ, फ्रॉम, ऑव्ह किंवा टु असेल तर कर्म त्याच्या नंतरच येतं. शेपूट अप, डाउन, आउट, अवे किंवा बॅक असेल आणि क्रियापदाला कर्म असेल, तर बहुतेक वेळा तुटतं. ऑन, ऑफ, ओव्हर आणि थ्रू मात्र दोन्हीकडे जातात. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणं, ते तुटतं: ‘पुट इट ऑन’. ‘गेट ऑन’ म्हणजे बसमध्ये चढणं, ते तुटत नाही. ही चार एकेक करून शिका, त्यांना घाई चालत नाही.

आणि काळ बदलला की क्रियापद बदलतं, शेपूट कधीच बदलत नाही. लुक्ड आफ्टर, लुकिंग आफ्टर, वॉज कॉल्ड ऑफ. ‘लुक आफ्टर्ड’ असं लिहिलेलं मी उत्तरपत्रिकेत पाहिलं आहे, म्हणून सांगते.

तीन शब्दांची जोडणी

यांचा संच छोटा आहे, सरळ पाठ करा. ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणं. मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांना हे शिकवायला वेळ लागत नाही: ‘वी पुट अप विथ द हीट’. ‘कीप अप विथ’ म्हणजे बरोबरीनं चालत राहणं. ‘कॅच अप विथ’ म्हणजे मागे पडलेल्यानं गाठणं. वेचणीच्या दिवसांत शाळा बुडते, नंतर मुलं वर्गाला गाठतात, तेव्हा ‘कॅच अप विथ’. ‘लुक अप टु’ म्हणजे कोणाला मानणं, ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं.

‘लुक फॉरवर्ड टु’ प्रत्येक अर्जाच्या शेवटी येतं आणि बहुतेक अर्जांत चुकतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ नको, ‘टु मीटिंग यू’ पाहिजे. इथला ‘टु’ शेपटाचा भाग आहे, त्याच्या पुढे नाम किंवा आयएनजी लागलेलं क्रियापद येतं.

‘कोप अप विथ’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. असं फ्रेझल व्हर्ब नाही, ‘कोप विथ’ एवढंच आहे. कानात ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ बसलेलं असतं, त्यांचा ‘अप’ इथं चुकून येतो.

आपल्या सवयीतल्या चुका

आपण मराठीत ‘लाइट ऑन कर’, ‘पंखा ऑफ कर’ म्हणतो. त्यात ‘कर’ हे क्रियापद आहे, म्हणून वाक्य पुरं आहे. त्याचंच इंग्रजी करताना ‘कर’ गळून पडतं आणि ‘ऑन द लाइट’ उरतं. इंग्रजीत ऑन, ऑफ यांना एकट्यानं हे काम करता येत नाही, मागे ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतंच.

बसमधून उतरणं ‘गेट डाउन’ नाही, ‘गेट ऑफ’. एसटी, रेल्वे, विमान यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ऑटो, कार, काळीपिवळी यांत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. जिथं आत शिरल्यावर उभं राहून चालता येतं तिथं ‘ऑन’, जिथं वाकून थेट सीटवर बसावं लागतं तिथं ‘इन’. सायकल आणि घोड्याला ‘ऑन’, कारण आपण खरोखर त्यांच्यावर बसतो.

‘पास आउट’ जरा जपून. भारतात ‘आय पास्ड आउट इन २०२२’ म्हटलं की पदवी झाली असं सगळे समजतात, आणि इथल्या लोकांशी बोलताना त्यात अडचण नाही. परदेशातल्या माणसाच्या कानाला मात्र त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं हा आहे. कॉल सेंटरला जाणाऱ्यांनी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. फॉर्मच्या बाबतीत आपण ‘फिल अप’ म्हणतो, इंग्लंडमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. परीक्षेत पर्याय असतील तर ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ निवडा. टाकी भरायची तर ‘फिल अप’ अगदी बरोबर.

‘डिस्कस अबाउट’ हे फ्रेझल व्हर्ब नाही आणि बरोबरही नाही. ‘डिस्कस’ला शेपूट लागत नाही. ‘रिटर्न बॅक’चंही तेच: ‘रिटर्न’मध्येच परत आहे.

अर्जात की बोलण्यात

फ्रेझल व्हर्ब मुख्यतः बोलण्याची आणि साध्या लिहिण्याची भाषा आहे. सरकारी अर्जात ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘कॉल ऑफ’ऐवजी ‘कॅन्सल’, ‘हँड इन’ऐवजी ‘सबमिट’ बरं दिसतं. माझं मत विचाराल तर नवख्यानं अर्जात खात्री नसलेलं फ्रेझल व्हर्ब वापरूच नये. समजायला मात्र सगळी शिकायची, कारण समोरचा कोणत्या शब्दात निरोप पाठवेल ते आपल्या हातात नसतं.

वही कशी भरायची

बाजारातल्या पुस्तकांत पाचशे फ्रेझल व्हर्बची अक्षरानुक्रमे यादी असते. ती पाठ करू नका. गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे, गिव्ह ऑफ एकाच दिवशी वाचली की चारही एकमेकांत मिसळतात आणि परीक्षेत एकही धड आठवत नाही. दर वर्षी मी हे पाहते. रोज तीन घ्या, तिन्हींची क्रियापदं वेगळी असू द्या. प्रत्येकापुढे आपल्या गावातलं, आजच घडलेलं एक वाक्य लिहा. जिनिंगसमोर उभ्या कापसाच्या गाड्या, बोअरची बिघडलेली मोटर, वरुडहून आलेली संत्री, काहीही. पुस्तकातल्या लंडनच्या पाहुण्याचं वाक्य विसरतं, स्वतःच्या विहिरीचं विसरत नाही.

महिनाभरानं वही उलटी लावा. आता क्रियापदाप्रमाणे नव्हे, शेपटाप्रमाणे पानं करा. ‘अप’च्या पानावर यूज अप, ड्राय अप, ईट अप एकत्र आली की संपण्याचा धागा दिसतो. ‘अवे’च्या पानावर थ्रो अवे, गिव्ह अवे, गो अवे, सगळ्यांत काहीतरी दूर जातं. हे पान आधी करून उपयोग नाही, वीस-पंचवीस वाक्यं हाताशी आल्यावरच ते बोलायला लागतं.

डिक्शनरी पाहताना शिकणाऱ्यांसाठीची पाहा, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनची. तिन्ही मोबाइलवर फुकट पाहता येतात. मूळ क्रियापद उघडा आणि तिथून फ्रेझल व्हर्ब्जच्या भागात जा. तिथं ‘पुट समथिंग ऑफ’ असं छापलेलं असेल, म्हणजे ‘समथिंग’ मधे, तर ते तुटतं. ‘लुक आफ्टर समबडी’ असं असेल, म्हणजे ‘समबडी’ शेवटी, तर तुटत नाही. कर्म लिहिलेलंच नसेल, नुसतं ‘ब्रेक डाउन’ असेल, तर त्या अर्थाला कर्म लागत नाही. अर्थाच्या आधी एवढं पाहिलं तर दुसरी आणि तिसरी पायरी तिथंच होऊन जाते.

जोडून लिहिलेलं ‘ब्रेकडाउन’ हे नाम, सुटं ‘ब्रेक डाउन’ हे क्रियापद. काही नामांत शेपूट पुढे येतं: रोग किंवा आग अचानक उसळली तर ‘ब्रेक आउट’, त्याचं नाम ‘आउटब्रेक’. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वेळच्या इंग्रजी बातम्या वाचल्या तर हा शब्द वारंवार भेटेल.

परीक्षेत, पर्याय समोर असताना

पर्याय हातानं झाका. रिकाम्या जागेत आधी मराठी शब्द बसवा, मग हात काढा. तीन वाक्यं सोबत करू.

‘द ट्रॅक्टर --- निअर दिग्रस, सो वी वॉक्ड होम.’ पर्याय ब्रोक इन्टू, ब्रोक डाउन, ब्रोक आउट, ब्रोक ऑफ. मराठी शब्द ‘बंद पडला’. रिकाम्या जागेपुढे ‘निअर’ आहे, म्हणजे कर्म नाही, आणि ‘ब्रोक इन्टू’ला कर्म लागतं, ते गेलं. आग किंवा साथ नाही, ‘आउट’ गेलं. काही तुकडा तुटला नाही, ‘ऑफ’ गेलं. राहिलं ‘ब्रोक डाउन’.

‘शी --- द जॉब बिकॉज द पे वॉज टू लो.’ पर्याय टर्न्ड अप, टर्न्ड ऑफ, टर्न्ड डाउन, टर्न्ड इन्टू. पगार कमी होता, म्हणजे तिनं नोकरी नाकारली: ‘टर्न्ड डाउन’. ‘टर्न अप’ला कर्म असेल तर आवाज वाढवणं, नसेल तर येऊन उगवणं. ‘टर्न ऑफ’ बंद करणं, ‘टर्न इन्टू’ दुसरं काही बनणं. इथं चारही पर्यायांपुढे कर्म बसू शकतं, म्हणून दुसरी पायरी कामाला येत नाही. निवाडा ‘बिकॉज’च्या पुढच्या भागानं होतो. वाक्य शेवटपर्यंत न वाचता खूण करणारी मुलं इथंच एक गुण घालवतात.

‘द ग्रामसभा वॉज --- टिल मंडे.’ पर्याय कॉल्ड ऑफ, पुट ऑफ, टेकन ऑफ, सेट ऑफ. चारही ‘ऑफ’. बाकी काहीच पाहू नका, ‘टिल मंडे’ पाहा. नवा दिवस दिला आहे, म्हणजे सभा होणार आहे. ‘पुट ऑफ’. तूर सोंगायला गेलेल्या त्या मुलाच्या निरोपातही ‘टिल’ होतं.